रेघेच्या अलीकडचे जमादार

भिकाजी जमादारांना खोकल्याचा विकार नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यांच्या खोकल्याबद्दल मुरबाड तालुक्यात नाना तर्क होते. कुणी म्हणे लहानपणचा हिवताप छातीत बसला, कुणी म्हणे तंबाखू बाधली. तंबाखूला ते शिवतही नसत. मुरबाडच्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या छातीला नळी लावून सांगितले होते, की इतकी खणखणीत छाती मी पैलवानाचीसुद्धा पाहिली नाही. तो खोकला नोकरीचा भाग होता. सरकारने त्यांना डगला दिला, पट्टा दिला, दंडुका दिला. खोकला त्यांनी पदरचा घातला.

टोकावड्याच्या पोलीस चौकीवर ते जमादार होते. दुसरी लढाई सुरू होण्याच्या चार-पाच वर्षे आधी मी नवी कोरी सनद घेऊन मुरबाडला आलो. मुरबाड आणि शहापूर अशा दोन्ही कोर्टांत वकिली करायची, फौजदारीत नाव काढायचे, असा माझा बेत होता. पाटी लागली, खुर्च्या आल्या, अशील मात्र येईना. त्यातही टोकावड्याच्या बाजूने तर खटलाच येत नसे. शेवटी एक दिवस मी सर्व्हिसच्या मोटारीत बसून स्वतःच चौकीवर गेलो आणि जमादारांना सरळ विचारले, "तुमच्या हद्दीत गुन्हे होतच नाहीत का हो?"

जमादार चौकीच्या ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. ठेंगणा, रुंद माणूस, मिशा पांढऱ्या आणि भुवया काळ्याभोर. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतले, बसायला घोंगडी सरकवली आणि म्हणाले, "होतात की. पन अर्धेच होतात."

मला वाटले थट्टा करताहेत. पण त्यांनी दंडुक्याने अंगणातल्या धुळीत चार रेघा ओढल्या. "ही पयली पायरी, विचार. मनातला. त्याला कोर्ट नाय, तुरुंग नाय. ही दुसरी, तयारी. कोयत्याला धार लावली, दोरखंड वळला, शिडी आनली. त्यालाबी कायदा काय करीत नाय. ही तिसरी, प्रयत्न. हितं पाय पडला का बेडी. आनि ही चौथी, गुन्हा. तुमचा धंदा तिसऱ्या पायरीपासून चालू होतो, वकीलसायेब. आनि मी दुसऱ्या पायरीवर बसलेला असतो."

पिनल कोडातले पाचशे अकरावे कलम मी परीक्षेसाठी तीन दिवस घोकले होते. तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो, यावर मोठमोठ्या न्यायाधीशांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत, आणि ती वाचल्यावर आधी जे समजलेले असते तेही नाहीसे होते. इथे मराठी चौथी शिकलेला माणूस शेंगा सोलता सोलता ते धुळीत काढून दाखवत होता. मी विचारले, हे तुम्हाला शिकवले कुणी? ते म्हणाले, शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा एका मास्तरांनी सगळे कोड वाचून दाखवले होते. बाकीचे सगळे विसरलो, एवढे राहिले. "कायद्यानं मानसाला परत फिरायला जागा ठेवलीय बघा. तयारी झालीय आनि हात अजून लागला नाय, तेवढी जागा. पन तिथं कोन उभाच नसतो. म्हनून मी जाऊन उभा ऱ्हातो."

म्हणजे नेमके काय करत, ते मला हळूहळू कळले. बांधावरून दोन भाऊ हमरीतुमरीवर आले आणि त्यातल्या धाकट्याने कोयत्याला नवी धार लावून आणली, ही बातमी चौकीवर पोचली, की जमादार त्या धाकट्याच्या दारात हजर. भांडणाचा एक शब्द काढायचा नाही. पाऊसपाण्याचे बोलायचे, ताक प्यायचे आणि उठता उठता म्हणायचे, "कोयता झकास झालाय रे तुझा. जरा देतोस? आमच्या घरचा बोथट झालाय, लाकडं फोडायचीत." पोलीस जमादाराला नाही कोण म्हणणार? कोयता जमादारांच्या घरी जाई आणि तिथेच राही. कुणाचा दोरखंड, कुणाची शिडी, कुणाची पहार. डोळखांबच्या चौकीवर असताना त्यांनी एकाची चक्क बैलगाडी पंधरा दिवस मागून घेतली होती, कारण ती जंगलातल्या सागाच्या ओंडक्यांसाठी तयार होत होती. त्या पंधरा दिवसांत बैलांना वैरण घालताना जमादारांच्या नाकी नऊ आले.

आणि जिथे पोचायला उशीर होई, तिथे खोकला. कुंपणाशी कुणी वाकला, कुणाचा हात दुसऱ्याच्या कोंबडीच्या खुराड्याकडे निघाला, की रस्त्यावरून तो खोकला यायचा. लांबलचक, तीन टप्प्यांचा. हात मागे यायचा. मग जमादार जवळ जाऊन विचारायचे, "काय रे, कोंबड्या मोजतोस?" तो म्हणायचा, "व्हय जमादार." ते म्हणायचे, "किती हायत?" त्याला खरोखर मोजून सांगावे लागे.

या सगळ्याचा ताप त्यांच्या बायकोला, रखमाबाईंना. चौकीमागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार, आणि पडवीत पाय ठेवायला जागा नाही. मी गेलो की त्या म्हणत, "बसा भाऊ. ती पहार जरा सरकवा, ती शेलवल्यांची. शिडीला टेकू नका, ती कुनाची ते मलाच ठाव नाय. आमच्या घरात बारा महिने तयारीच तयारी. सन काय येत नाय."

सण मात्र यायचा. खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारे-अवजारे धुऊनपुसून पुजतात. त्या दिवशी जमादार पडवीतल्या सगळ्या वस्तू अंगणात घोंगडीवर मांडत, प्रत्येकीला कुंकू लावत, झेंडूचे फूल वाहत आणि मालकांना निरोप धाडत, पूजा केलीय, आपली वस्तू घेऊन जावा. मग ते सगळे येत. मान खाली, ओठांवर ओशाळे हसू. वर्षभरात न घडलेले सगळे गुन्हे त्या अंगणात रांगेने बसून रखमाबाईंच्या हातची खीर खात. जमादार ज्याची त्याला वस्तू देत आणि प्रत्येकाला एवढेच म्हणत, "फूल काढू नको. तसाच घरी ने." मी ते दृश्य दोनदा पाहिले, आणि दुसऱ्या वेळी आपल्याला फौजदारीत नाव काढायचे आहे हे मी सोडून दिले.

ते भाबडे मात्र नव्हते. हात लागला की त्यांच्याकडे माफी नसे. टोकावड्याच्या बाजारात एका उपऱ्याने एकाच्या खिशात हात घातला, खिसा निघाला रिकामा. तो मनुष्य हसून म्हणाला, मी काय घेतले? जमादारांनी त्याला तिथेच पकडून मुरबाडला आणले. हेच उदाहरण कलमाच्या खाली छापलेले आहे, हे त्यांना आठवत होते. "खिसा रिकामा असंल, हात काय रिकामा नव्हता," ते मला म्हणाले. तो खटला मी चालवला आणि हरलो.

मग नवे फौजदार आले. तरतरीत, कडक इस्त्रीचे, बढतीची घाई असलेले. त्यांनी दप्तर तपासले तर टोकावड्याच्या वहीत पानेच कोरी. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि जमादारांनी त्यांनाही तेच उत्तर दिले, "अर्धेच होतात सायेब." फौजदार हसले नाहीत. ज्या चौकीवर गुन्हे नोंदत नाहीत तिथला जमादार एक तर आळशी असतो नाहीतर लाचखाऊ, असे त्यांचे मत होते. त्या वेळी जमादारांची पेन्शन तीन महिन्यांवर आली होती.

लढाई सुरू झाली त्याच साली, सुगीच्या दिवसांत ते प्रकरण घडले. टोकावड्याजवळच बापूशेट नावाचे मोठे जमीनदार होते. त्यांच्या खळ्यावर भाताची रास लागली होती. आमच्याकडे रास लागली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढतात. रेघेच्या आत वहाण घालून कुणी जात नाही, आणि रास पुजून नारळ फोडल्याशिवाय तिच्यातला दाणा कुणी उचलत नाही, घरधनीसुद्धा. डोंगरावरच्या पाड्यात गोमा म्हणून एक शेतकरी होता. त्याच्या घरी बापजाद्यांपासून झिनी भाताचे एक वाण चालत आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यानेच हौसेने बापूशेटना त्याचे बी दिले. प्रकरण झाले त्या साली गोमाच्या कणगीला घुशी लागल्या आणि बी साफ गेले. तो बापूशेटकडे पायलीभर बी मागायला गेला, तर त्यांनी चार माणसांत त्याची टर उडवली आणि हाकलून दिले. ते वाण आता फक्त बापूशेटच्या राशीत उरले होते.

भर दुपारी राखणदार जेवायला गेला असताना गोमा टोपली घेऊन खळ्यावर गेला. जमादार रस्त्याने येत होते. त्यांनी पाहिले आणि खोकले. गोमा दचकला, रेघेबाहेर आला, आणि मग त्याने एक गोष्ट केली जी दुसरा कुठलाही चोर करणार नाही. त्याच्या पायाने राखेची रेघ पुसली गेली होती. दुसऱ्याची रास उघडी टाकून जाणे त्याच्या जिवाला पटेना. त्याने खळ्याच्या कडेची राख मुठीत घेतली आणि खाली बसून रेघ नीट जोडू लागला. जमादार शेजारी उभे राहून बघत होते. नेमक्या त्याच वेळी फौजदार सायकलवरून चौकीच्या तपासणीला आले.

त्यांना दिसले ते असे, की चोर आपल्या पायाचा माग पुसतो आहे आणि सरकारी जमादार उभा राहून ते काम नीट होते की नाही ते पाहतो आहे. गोमावर चोरीच्या प्रयत्नाचा खटला भरला गेला. जमादारांना लेखी नोटीस मिळाली. गुन्हा करताना सापडलेल्या आरोपीला सोडून दिले असे कोर्टात ठरले, तर बडतर्फी, आणि मग पेन्शन नाही.

गोमाचा वकील मी. साक्षीदार एकच, भिकाजी जमादार. फौजदारांनी गोमाला रेघेबाहेर पाहिले होते. आधी तो कुठे होता ते एकट्या जमादारांना ठाऊक. मला खटला फार सोपा वाटला. सुनावणीच्या आदल्या दुपारी ते मुरबाडला आले तेव्हा मी दार लोटून घेतले, कागद पुढे ओढला, पेनचे टोपण काढले आणि म्हटले, "जमादार, उद्या तुम्ही एकच वाक्य बोलायचे. पाय रेघेच्या बाहेर होता. गोमाही सुटतो, तुम्हीही सुटता. कसे बोलायचे ते मी लिहून देतो, पाठ करून टाका."

जमादार माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेन झकास हाय तुमचा."

"सासऱ्यांनी दिलाय. पण जमादार, ऐकताय ना?"

"बघू," म्हणत त्यांनी तो माझ्या हातून घेतला, उलटसुलट करून पाहिला, टोपण लावले आणि डगल्याच्या खिशात ठेवला. "जरा नेतो. आमचा टाक मोडलाय, नोटिसीचा जबाब लिहायचाय." आणि उठलेच. मी दारापर्यंत मागे गेलो. "पाय बाहेर होता ना पण?" ते म्हणाले, "शपथ घातल्यावर इचारा. तवा सांगतो." त्या दिवशी माझे डोके इतके फिरले होते, की पेन कुणी नेला हेच मी साफ विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी मामलेदार कचेरीत माणूस मावेना. मामलेदार हेच मॅजिस्ट्रेट. देशावरचे गृहस्थ, शांत, कानाने थोडे कमी. टेबलावर मुद्देमाल ठेवला होता. एक टोपली, आणि तिच्यात एक नारळ, चार झेंडूची फुले, कुंकवाची पुडी. फौजदारांनी सापडले ते सगळे इमानाने जप्त केले होते. त्याचा अर्थ मात्र त्यांनी लावला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही नाही.

जमादारांनी शपथ घेतली. फौजदारांनी विचारले, "तुम्ही आरोपीला पाहिले तेव्हा त्याचा पाय रेघेच्या आत होता की बाहेर?"

"आत होता," जमादार म्हणाले. "दोनी पाय आत."

पिंजऱ्यात गोमाने डोळे मिटले. फौजदार विजयाने खाली बसले. उलटतपासणीला मी उठलो खरा, पण काय विचारावे ते सुचेना. त्या क्षणी मला जमादारांचा खरोखर राग आला होता. त्याच रागात मी म्हणालो, "आत तो काय करत होता, तेही सांगून टाका मग!"

"रास पुजत होता," जमादार म्हणाले.

मामलेदारांनी कानामागे हात धरला. "काय करत होता?"

"पूजा, सायेब. वहाना रेघेबाहेर काढून ठेवल्या. आत गेला. राशीला कुंकू लावलं, दोन फुलं वाहिली. नारळ फोडायला हात वर केला, तवा मी खोकलो."

"म्हणजे चोरी करायच्या आधी याने शेटच्या राशीची पूजा केली?"

"मंग? रास पुजल्याबिगर दाना कसा उचलायचा सायेब? आमच्याकडं कोनच उचलीत नाय. नारळ फुटला असता, राशीला हात लागला असता, तर मीच बेडी घातली असती. पन तवर तयारीच म्हनायची ती."

कचेरीत हशा पिकला. मामलेदार हसले नाहीत. त्यांनी बापूशेटना पुढे बोलावले आणि विचारले, "शेट, तुमची स्वतःची रास. घरात तांदूळ संपला आणि पूजा व्हायची आहे. तुम्ही सूपभर भात काढून आणाल?"

बापूशेट संतापाने लाल झाले. "काय विचारता रावसाहेब! पूजेआधी? माझ्या सात पिढ्यांत कुणी हात लावला नाही! पोरं उपाशी राहतील, पण नारळ फुटल्याशिवाय मी स्वतः..." आणि बोलता बोलता आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. आता गोमाने डोळे उघडले होते.

"पन सायेब," गोमा मध्येच म्हणाला, त्याला कुणी विचारले नव्हते तरी, "मी पायलीभरच घेनार होतो हां. बी फकस्त." मी त्याच्याकडे डोळे वटारले. मामलेदार म्हणाले, तो विचार झाला, विचाराला शिक्षा नाही, आणि लिहायला लागले.

गोमा सुटला. गुन्हाच घडला नाही, तेव्हा गुन्हेगाराला सोडल्याचा ठपकाही उरला नाही, आणि फौजदारांना नोटीस मागे घ्यावी लागली. बाहेर आल्यावर बापूशेट गोमाला टाळून निघाले होते. जमादारांनी त्यांना गाठले आणि मुद्देमालातला नारळ त्यांच्या हातात ठेवला. "शेट, पूजा अर्धी ऱ्हायलीय तुमच्या राशीची. फोडून टाका. आनि फोडल्यावर बी द्यायला काय हरकत नाय." चार माणसे बघत होती. बापूशेटनी पायलीऐवजी दोन पायल्या दिल्या, आणि त्या औदार्याची गोष्ट पुढे ते स्वतःच सांगत फिरत.

जमादार पेन्शन घेऊन शहापूर तालुक्यात, शेणव्याला आपल्या गावी गेले. लढाई संपली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने वारले. माझ्या हाती निरोप आला तेव्हा दिवस होऊन गेले होते. मी शेणव्याला गेलो. रखमाबाई म्हणाल्या, "पडवी रिकामी झाली भाऊ. आता शिडीबी नाय कुनाची." वडील गेले तेव्हासुद्धा मी इतका रडलो नव्हतो.

पण मला त्यांची आठवण येते ती तशी येत नाही. येते ती पेन्शनीनंतरच्या पहिल्या दसऱ्याची. त्यांचे कार्ड आले होते. वेड्यावाकड्या अक्षरात एकच ओळ, खंडेनवमीला यावे. मी म्हटले, आता नोकरी नाही, चौकी नाही, कुणाची हत्यारे पुजणार हा माणूस? तरी गेलो. शेणव्याच्या अंगणात घोंगडी अंथरलेली. तिच्यावर त्यांचा स्वतःचा कोयता, विळा, घरातले सूप, आणि टोकाला, पाटावर वेगळा ठेवलेला, माझा पेन.

त्या पेनसाठी मी दहा महिने घर उलटेपालटे केले होते. कचेरीतल्या एका कारकुनावर संशय घेऊन त्याच्याशी बोलणे टाकले होते. सासऱ्यांशी तर खोटे बोललो होतो. आणि तो इथे, टोपणाला कुंकू लावून, झेंडूचे फूल डोक्यावर घेऊन बसला होता. एका क्षणात सुनावणीच्या आदल्या दिवशीची ती दुपार समोर उभी राहिली. लोटलेले दार, पुढे ओढलेला कागद, काढलेले टोपण. खोटी साक्ष लिहून द्यायला निघालेला मी.

रखमाबाईंनी खिरीची वाटी आणून दिली. मी मान खाली घालून, ओशाळे हसत, त्या घोंगडीसमोर बसून सगळी खीर खाल्ली. मग त्यांनी पेन उचलून माझ्या हातात ठेवला.

"कागद कोरा होता, वकीलसायेब," ते म्हणाले. "फूल काढू नका. तसाच घरी न्या."